कारणाशिवाय कंधार

आमच्या घरमालकीणबाई रोज संध्याकाळी लातूरच्या एस्टी स्टँडवर जाऊन बसायच्या आणि कुठंही जायच्या नाहीत.

लग्न होऊन मी लातूरला आले तेव्हा मला वाटलं, बाईंचं कुणीतरी येणार असेल. मग वाटलं, कुणीतरी गेलेलं असेल आणि परत आलं नसेल. नव्या नवरीला असलं काहीतरी सुचतंच. मी तर मनात त्यांचा एक हरवलेला भाऊसुद्धा तयार केला होता. शेवटी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "कोण येतंय माझ्याकडं? गाड्या बघायला जाते."

"गाड्यांत काय बघायचं, अक्का?"

"तू येतीस का? मग कळंल."

सगळे त्यांना अक्का म्हणायचे. माहेर उदगीरचं, त्यामुळे रागावल्या की निम्म्या कानडी. कपाळाला विभूतीचा पट्टा, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, पायात कायम बाहेर जायच्या चपला. घरातसुद्धा. भाडेकरूंना त्या नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. भोकरचे एक मास्तर होते, त्यांना 'भोकर'. आमचे हे नांदेडचे, म्हणून 'नांदेडकर'. मी 'लोहेकरीण'. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, याची मला शंकाच आहे.

स्टँडवरच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले, आणि माझं शिक्षण सुरू झालं. कुठली गाडी लागली की कोण कसं चढतं ते त्या सांगायच्या. "भोकरची माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतेत. हदगावची माणसं रुमाल वाचवतेत, पोरगंच आत टाकतेत. उदगीरचे आधी चढतेत आन मग इचारतेत, ही गाडी कुठं चाल्ली." मग कुणीतरी बाई शेजारी टेकली की अक्कांचा प्रश्न ठरलेला. "कुठं चाललाव? काय हाय तिथं?"

बाई सांगायची, लेकीचं बाळंतपण आहे. जावेचा भाऊ वारला. पोटाचं दाखवायचंय. देवीचा नवस आहे. अक्का मान डोलवायच्या आणि पुन्हा विचारायच्या, "ते झालं. पर गाव कसं हाय?"

या प्रश्नावर बहुतेक बाया बुचकळ्यात पडायच्या. गावाकडं कुणी बघितलेलंच नसायचं. बाळंतपण बघितलेलं असायचं.

हे सगळं मला आता आठवायचं कारण आमची लेक. गेल्या महिन्यात पुण्याहून आली आणि फोन माझ्यासमोर धरला. तिच्या मते आम्ही दोघांनी आता एकदा परदेश बघून यायला पाहिजे, आणि तिनं दोन गावं निवडून आणली होती. एक व्हिएतनाममधलं होई आन. रंगीत कंदील, दुकानं, शिंपी, गर्दी, जिकडं बघावं तिकडं फोटो. दुसरं लाओसमधलं लुआंग प्रबांग. नदी, भिक्षू, जुनी घरं, आणि नदी. "आई, पहिल्यात करण्यासारखं खूप आहे," ती म्हणाली. "दुसऱ्यात नुसतं बसायचं. बोल, कुठलं?"

माझ्या आयुष्यात दोन गावांमधून एक निवडायची वेळ त्याआधी एकदाच आली होती, आणि ती निवडसुद्धा माझी नव्हती, अक्कांची होती. फजिती मात्र माझी होती.

लातूर तेव्हा नवा नवा जिल्हा झाला होता. आमचे हे नव्या कचेरीत कारकून म्हणून बदलून आले, तेव्हा गावात जो तो छाती फुगवून चालत होता. "आता आपण जिल्हा झालाव," असं पानवाला चुना लावतालावता म्हणायचा. कशालाही उस्मानाबादला जायला नको, सगळी कामं इथंच. साऱ्या गावाला आनंद, आणि अक्का तेवढ्या कचेरीच्या दिशेनं बघून बोटं मोडायच्या.

कारण असं, की अक्कांचा दिराशी शेताच्या वाटणीवरून दावा चालू होता आणि तो उस्मानाबादेला होता. दर काही महिन्यांनी तारीख. तारीख आली की अक्का आदल्या दिवशी दशम्या करायच्या, शेंगांची चटणी बांधून घ्यायच्या, धुतलेलं लुगडं नेसायच्या. एस्टीच्या खिडकीत बसून जायच्या आणि खिडकीत बसून यायच्या. पुढची तारीख पडली की वकील दिलगिरीनं सांगायचा. अक्का त्याला म्हणायच्या, "असू द्या, असू द्या. फक्त उन्हाळ्याच्या तोंडाची घ्या. वाटंनं पळस फुलतोय."

सगळ्या भावकीत अक्कांची ख्याती झाली होती, ही बाई जमिनीपायी हट्टाला पेटलेली आहे, मरेपर्यंत सोडणार नाही. मग जिल्हा झाला, दावा लातूरला आला. कोर्ट आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. अक्कांनी एक तारीख चालत जाऊन केली. परत आल्या, दिराला बोलावून घेतलं, आणि वर्षानुवर्षं चाललेला दावा एका चहावर मिटवला.

दिरांना सगळे अप्पा म्हणत. डाळीचा व्यापार. सज्जन माणूस, फक्त लोक काय म्हणतील या विचारानं कायम घामाघूम. तेच थक्क झाले. "वैनी, इतकी वर्षं ताणलंत, आन आता मी म्हणलो तशी वाटणी कबूल?"

"अप्पा, आता तारखेला चालत जावं लागतंय," अक्का म्हणाल्या. "चालत जायला मी कामून भांडू?"

अप्पांना ते कळलं नाही. मी यायच्या थोडं आधीचं हे, पण ऐकलं तेव्हा मलाही पुरतं कळलं नाही. जिल्हा झाला आणि सगळ्या गावाचं जाणं-येणं वाचलं, पण एका बाईचं घराबाहेर पडायचं एकुलतं एक कारण गेलं. ती बाई मग संध्याकाळी स्टँडवर जाऊन दुसऱ्यांच्या गाड्या बघू लागली.

त्यात दुष्काळ. जिल्हा होऊन नळाला पाणी येत नाही, हे लातूरला तेव्हा कळलं. नळ कधी सुटेल याचा नेम नाही. टँकर आला की भांड्यांच्या रांगा, आणि रांगेत भांडणं. अक्का सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करायच्या, त्याला चमचाभर पाणी. तेच पाणी मग तुळशीला. त्या पाण्यानं तुळस जगली हे खरं, पण अंघोळीच्या पाण्याची आठवण काढून मी रोज थोडी थोडी सुकत होते.

नव्या नवरीचा एक रोग असतो. माहेराकडचं सगळं मोठं सांगायचं. आमच्याकडचं दूध दाट, आमच्याकडची ज्वारी पांढरी. त्या टँकरच्या रांगेत माझा रोग बळावला. आमचं लोहा तसं कोरडंच, तिथल्या पाण्याची फुशारकी मारता येईना. म्हणून मी शेजारचं कंधार उसनं घेतलं. "अक्का, आमच्या कंधारचं तळं म्हणजे काय सांगू! राजा-महाराजांच्या काळातलं. समुद्रच. पलीकडचा काठ दिसत नाही. किल्ल्याच्या खंदकातसुद्धा पाणी. दुष्काळ त्याला माहीतच नाही."

मी ते तळं लहानपणी एका लग्नाला गेले होते तेव्हा बघितलं होतं. पलीकडचा काठ दिसला नव्हता, कारण मी तेव्हा कमरेएवढीसुद्धा नव्हते. पण रांगेतल्या बाया ऐकत होत्या, आणि मला थांबवेना.

अक्का हंड्यावर हात ठेवून ऐकत राहिल्या. "तिथं देव कोणता?"

"देव... आहेत की. पण कुणी खास देवासाठी जात नाही."

"तुझं कोण हाय तिथं?"

"कुणी नाही."

"म्हंजे तिथं जायला काईच कारण न्हाई," अक्का म्हणाल्या. कुणाला स्थळ पसंत पडावं तसा त्यांचा चेहरा झाला.

त्याच आठवड्यात अप्पा आले. घरच्या बायकांना घेऊन त्यांची जीप माहूरला निघाली होती. वाटणी मिटल्यापासून त्यांना वैनींसाठी काहीतरी करायचं होतं. अप्पांच्या मुलीची सोयरीकही त्या दिवसांत चालली होती, त्यामुळं घरातलं सगळं कसं नीट दिसायला हवं होतं. मी तेव्हा अंगणात ज्वारी निवडत होते. काम संपलं होतं, पण ऐकायचं राहिलं होतं, म्हणून निवडलेलीच पुन्हा निवडत बसले.

"वैनी, तुमची जागा पुढं ठेवलीय. डायवरच्या बाजूला. खिडकी तुमची."

"माहूरला काय हाय?"

"काय हाय म्हंजे? देवी हाय!"

अक्कांनी गळ्यातली डबी हातात धरली. "माझा देव इथं हाय, अप्पा. रोज हातावर घेते. त्याला उचलून दुसऱ्या देवाच्या दारात नेऊ?"

"तसं न्हवं. तिथं डोंगर हायेत. झाडी हाय. वर गार वारं असतंय, खाली बघितलं की ढग..."

"अगं बाई," अक्का एकदम पुढं सरकल्या. "मग आधी तसं सांगायचं की! डोंगर बघायला चला म्हणा. येते."

अप्पा गडबडले. "तसं कसं म्हणणार? दर्शनाला चाल्लोय आपण."

"दर्शन ज्यांना पाहिजे त्यांनी घ्यावं. मला म्हणा, वैनी, डोंगर बघायला चला. एवढंच म्हणा. आत्ता पिशवी भरते."

"वैनी, लोक काय म्हणतील? तुमच्यासारखी बाई... ह्या दुष्काळात... नुसती फिरायला? पोरीची सोयरीक चालू हाय. उद्या कुणी इचारलं तर सांगायला कारण तर पाहिजे ना!"

"बेड!" अक्का म्हणाल्या. म्हणजे नको. कानडी सुरू झालं की विषय संपला असं आम्ही भाडेकरू समजायचो. "तुमचं कारण तुमच्यापाशी ठेवा. मी कंधारला जाते. तिथं माझं कुणी न्हाई, देव न्हाई, दावा न्हाई. ए लोहेकरीण! तूबी चल. ती ज्वारी आता बस कर, पीठ व्हायला लागलंय तिचं."

मला त्या क्षणी काय वाटलं? मला माहूरला जायचं होतं. जीपमधून, गार वाऱ्यात, ढगांवर. माझ्याच तोंडानं मी कंधार पदरात पाडून घेतलं होतं. आमचे हे म्हणाले, "जा, पण कचेरीत कुणी विचारलं तर मी काय सांगू?" त्यांनाही कारण लागत होतंच.

निघालो पहाटेच्या गाडीनं. गाडी फलाटाला लागायच्या आधीच अक्कांनी पदराखालून रुमाल काढला आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून असा फेकला, की तो नेमका ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीच्या जागेवर पसरला. इतक्या संध्याकाळींचा अभ्यास होता तो. भोकरच्या माणसांनी पायाशी बसून शिकावं.

अहमदपूर गेलं. लोह्याला गाडी बदलायची होती, म्हणजे माझ्या माहेरच्या स्टँडवर उभं राहायचं. अक्कांनी आधीच बजावलं होतं, माहेरी जायचं नाही. माहेर म्हणजे कारण झालं. मी तोंडावर पदर ओढून खांबामागं उभी राहिले. पण समोरच माझ्या सख्ख्या काकांचं हॉटेल. काका हातात किटली घेऊन तरातरा आले.

"कोण, तू? आन अशी खांबाला चिकटून कामून उभी? घरी समदं बरं हाय ना? भांडण झालं का जावईबापूसंगं?"

"नाही हो काका, कंधारला चाललोय."

"कंधारला? कुणाचं काय झालं?"

"कुणाचं काई न्हाई झालं," अक्का मधे आल्या. "तळं बघायला चाल्लाव."

काकांनी माझ्याकडं, मग अक्कांच्या विभूतीकडं, मग पुन्हा माझ्याकडं बघितलं. दोन चहा आणून दिले आणि म्हणाले, "पोरी, काय असंल ते मोकळेपणानं सांग. मी भावाला बोलत न्हाई." संध्याकाळच्या आत माझ्या माहेरी निरोप पोचला होता, की पोरीचं सासरी बिनसलंय. ते मिटवायला माझे वडील पुढं लातूरला आले आणि यांच्याशी इतक्या हळुवारपणे बोलले, की हेच घाबरले.

कंधारला उतरलो. बांधाकडं निघालो. वाटेत रिकामे हंडे घेतलेल्या बाया दिसत होत्या, आणि भरलेल्या तळ्याच्या गावात रिकामे हंडे का दिसावेत? बांधावर चढलो.

तळं नव्हतं.

भेगाळलेली जमीन होती, लांबवर. तिच्यात शेळ्या चरत होत्या, खरं तर चरायला काय आहे ते शोधत होत्या. पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता. इतका, की तिथं उभ्या असलेल्या म्हशीची शिंगं दिसत होती. बांधाच्या दगडांवर पाण्याच्या जुन्या रेघा उमटलेल्या होत्या, एकीखाली एक, काकणं भरल्यासारख्या. आणि खाली मधोमध एक खड्डा खणून, त्यात पाझरेल तेवढं पाणी वाटीनं भरत काही बाया बसल्या होत्या.

मी रडायलाच लागले. "अक्का, खरंच होतं हो. मी लहानपणी बघितलं होतं."

"रडू नगं. पाणी वाया जातंय," अक्का म्हणाल्या, आणि लुगडं सावरत सरळ तळ्यात उतरल्या.

खड्ड्याजवळच्या बाईनं मान वर केली. "कुणाकडं आलाव?"

"कुणाकडंच न्हाई. लातूरहून आलाव. तळं बघायला."

बाईच्या हातातली वाटी थांबली. मग ती हसायला लागली. हसताहसता दुसऱ्या बायांना सांगायला लागली. "आगं, ऐकलाव का? आमी त्याच्याकडं बघवंना म्हणून तोंड फिरवून राहिलो, आन ह्या बाया तिकीट काढून बघायला आल्यात!"

"मग? तुमी रोज बघताव, आमाला एक दिवस नको का?" अक्का तिथंच फतकल मारून बसल्या. पिशवीतून चिवडा काढला, त्या बायांच्या ओंजळीत घातला. मग आणखी दोघी आल्या. गप्पा सुरू झाल्या. कुणी पाण्याच्या रेघा दाखवल्या, ही ह्या सालची, ती थोरलीच्या लग्नाच्या सालची, तेव्हा पाणी तिथवर होतं. कुणाचा तरी पाट्यावरचा वरवंटा कधीकाळी काठावरून गडगडत आत गेला होता, तो आता सापडला म्हणून ती बाई सगळ्यांना दाखवत होती. अक्का तोंडात चिवडा तसाच ठेवून बघत होत्या. त्यांनी विचारायचा तो प्रश्न विचारला, "गाव कसं हाय?" आणि पहिल्यांदा मी ऐकलं, की बाया गावाबद्दल बोलल्या. बराच वेळ बोलल्या.

दुपारच्या गाडीनं फिरलो. दिवेलागणीला लातूरला पोचलो. वाटेत मी म्हटलं, "अक्का, विचारलं तर सांगू या, थोडं पाणी होतं म्हणून."

"कामून? पाणी असलं तरच जायला परवानगी हाय का?"

खरी परीक्षा पुढं होती. पुढच्या आठवड्यात अप्पांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, निलंग्याकडचे. घरची वडीलधारी म्हणून अक्कांना बसवलं होतं, आणि चहा द्यायला मी. मुलाची आई अंगानं भरलेली, बोलायला कमी. अप्पांनी सगळं सुरळीत व्हावं म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं, की वैनीसुद्धा घरच्यांबरोबर माहूरला गेल्या होत्या. मुलाची आई अदबीनं म्हणाली, "अक्का, दर्शन चांगलं झालं म्हणं देवीचं?"

अप्पांनी अक्कांकडं बघितलं. त्या बघण्यात हात जोडलेले होते. नुसतं 'हाव' म्हटलं असतं तर संपत होतं. मी कपबशा घेऊन दारातच थांबले.

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "मी माहूरला गेलेच न्हाई. कंधारला गेलते."

"कंधारला? तिथं कुणाचं काय होतं?"

"कुणाचं काई न्हवतं. तळं बघायला गेले. तळंबी न्हवतं."

अप्पांनी डोळे मिटले. आतल्या खोलीतून, जिथं मुलगी तयार होऊन बसली होती, हसू दाबल्याचा एक आवाज आला.

"मग... काय केलाव?" मुलाच्या आईनं विचारलं.

"बसले. चिवडा खाल्ला. आले."

"घरच्यांनी जाऊ दिलं?"

"इचारलंच न्हाई," अक्का म्हणाल्या. "हे बघा बाई, तुमची सून होणारी पोरगी माझी पुतणी हाय. तिनं कुटं जाते म्हणलं तर कारण इचारणार असाल, तर ते आत्ताच सांगा. चहा मात्र पिऊन जावा, साखर टाकून झालीय."

अप्पांचा चेहरा त्या क्षणी तळ्यासारखा दिसत होता. पुरुषांनी घसे खाकरले, हवापाण्याचं बोलले, पाणी नसल्यामुळं ते लवकर संपलं. पाहुणे उठले. सोयरीक मोडली हे मी मनात नक्की केलं. अप्पा पुढं होऊन पुरुषांना निरोप देत होते. मुलाची आई मागं रेंगाळली. चपला घालताना वाकली, आणि अक्कांच्या कानाशी पुटपुटली. मी दाराला टेकून होते, म्हणून ऐकलं.

"परत कधी जाणार हाव? मला कळवा."

सोयरीक जमली. अप्पा सगळ्यांना सांगत होते, माहूरच्या देवीची कृपा. अक्का ऐकून घ्यायच्या. "असू दे," म्हणायच्या, "त्याला कारण लागतंय."

पुढं पाऊस झाला. कंधारचं तळं भरल्याचं कळलं आणि आम्ही गेलो, अक्का, मी आणि निलंग्याच्या त्या विहीणबाई. त्या घरी काय सांगून आल्या होत्या ते आम्ही विचारलं नाही. तळं खरोखर समुद्रासारखं झालं होतं. मला तर माझी अब्रू परत मिळाल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, "बघा अक्का! मी म्हणत नव्हते?"

बांधावर जत्रा लोटली होती. भेळेच्या गाड्या, पोरं, फुगे. अक्कांनी जरा वेळ बघितलं आणि नाक मुरडलं. "बरंय. पर ते बरं होतं. आज समदेच आलेत."

लेकीला मी ही सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आई, म्हणजे लुआंग प्रबांग ना? पण आधीच सांगते, तिथं करायला काही नाहीये हं."

"बसू. चिवडा खाऊ. येऊ," मी म्हटलं.

काल रात्रीच्या जेवणानंतर आमचे हे चष्मा लावून फोनवर व्हिसाचा अर्ज भरायला बसले. जन्म कारकुनीत गेलेला, त्यामुळे अर्ज म्हटला की यांच्या अंगात येतं. एका ठिकाणी थांबले. "इथं प्रवासाचं कारण विचारलंय."

मी हातातलं काम टाकून उठले. "काय काय कारणं आहेत?"

त्यांनी वाचून दाखवली. व्यवसाय. कचेरीचं काम. नातेवाइकांची भेट. आणि सगळ्यात वर, फिरायला. तशी सरळ, छापून, चौकोनासकट.

"त्या वरच्या चौकोनावर दोनदा दाबा," मी म्हटलं.

"दोनदा दाबलं तर खूण निघून जाते."

"मग एकदाच दाबा. पण जोरात."